संपातली मूठ

तांदूळ धुतल्याचा वास आला की मला मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर आठवतं. गिरणीच्या संपानं वडिलांचा पगार थांबला होता, डबा तळाला गेला होता. तरी आईनं शिजवण्याआधी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, द्यायची तांदळाची मूठ बाजूला काढलीच.

मी भडकलो. "येशूला भूक लागती व्हय?"

"त्याला न्हाय, मार्थाम्हातारीला लागती. देवळातनं मिळणाऱ्या या मुठीवर तिची चूल हाय. आपलं तो बघंल की. तू संपाची पत्रकं वाटायला नीघ."

तेव्हा मला ते भाबडं वाटलं. आता कामगारांच्या सभेत कुणी म्हणालं, देवभोळी माणसं लढत नाहीत, की माझं डोकं फिरतं. त्या संपात निम्मी गल्ली मुकाट कामावर परतली. वडीलही निघाले होते. आईनं त्यांना उंबरा ओलांडू दिला नाही.