तीन वर्षं माझ्याच पट्टीत

परवा मंगळवारी पहाटेच्या एसटीनं अमरावतीला गेलो होतो. माझं काही काम नव्हतं... आमच्या क्लासमधल्या वैष्णवीची ऑडिशन होती. सोबत तिचे वडील, देऊळघाटचे शेतकरी.

मी बुलढाण्यात गाण्याचा क्लास घेतो, एकवीस वर्षं झाली. बारावीचा निकाल लागला की दरवर्षी दोन-तीन आईबाप दारात हजर, आणि प्रश्न एकच... गाण्यात डिग्री करून पोरगी पुढं काय करन? खरं सांगू, आता त्या प्रश्नाचाच कंटाळा आलाय.

उत्तर पाठ झालंय. साधं बी.ए. करून त्यात संगीत हा एक विषय घेता येतो, नाहीतर बी.पी.ए. किंवा बी.म्युझ., म्हणजे तीन-चार वर्षं नुसतं गाणंच. पुढं शाळेत संगीत शिक्षक, पण ती भरती कधी निघेल ते देवालाच ठाऊक. नेट-सेट काढून प्राध्यापक, नाहीतर स्टुडिओची कामं, साथसंगत, ऑनलाइन शिकवण्या... आणि यातलं काहीच जमलं नाही तर माझ्यासारखा क्लास. हे शेवटचं मी हसत सांगतो, समोरचे हसत नाहीत.

वैष्णवीला पूर्ण गाण्याचीच डिग्री हवी होती. मी तिच्या वडिलांना स्पष्ट म्हटलं होतं, इथंच बी.ए. करू द्या, मग बी.एड. आणि मोकळे व्हा. पोरगी मेहनती, सुरात पक्की, पण वरच्या सुरांत आवाज चिरकायचा. अंतरा जवळ आला की मलाच धडकी भरायची.

पण तिनं मोबाईलवरून परस्पर अमरावतीच्या कॉलेजचा फॉर्म भरला आणि ऑडिशनचा मेसेज आला. वडील म्हणाले, "सर, मले त्यातलं काही समजत नाही. तुम्ही सोबत चाला, आयका, अन् तुम्ही सांगसान तसं करतो."

घ्या! पोरीचं पुढचं सगळं माझ्या एका शब्दावर. मी निघालो, पण मनात काय होतं तेही सांगतो... तिथले लोकच नाही म्हणतील, म्हणजे वाईटपणा आपल्यावर येणार नाही. इतका थकलोय मी आजकाल.

वडील बाहेर बाकावर बसले, मी दाराशी उभा. आत साठीच्या एक मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, "पट्टी कोणती?" वैष्णवी म्हणाली, "काळी एक."

मॅडमनी मान वर करून बघितलं. पट्टी म्हणजे पेटीच्या ज्या सुरावर आपण आपला सा धरतो ती. काळी एक ही सहसा पुरुषांची, माझीसुद्धा. बायकांचा आवाज बहुतेक काळी चार-पाचला बसतो. त्याच पोरी काळी एकमध्ये गायला लागल्या तर बिचाऱ्यांना सगळं गाणं ताणून वर न्यावं लागतं.

मला हे माहीत नव्हतं का? अहो, पहिल्या वर्षाला शिकवतात हे. पण क्लासमध्ये तबला एक, तो माझ्या पट्टीत लावलेला, वेळ एक तास आणि पोरं पंधरा... मग सगळ्यांचं काळी एक. माझ्या गुरुजींनी तेच केलं, मीही तेच करत आलो.

मॅडम पेटीवाल्यांना म्हणाल्या, काळी चार द्या. वैष्णवीनं सा लावला, जरा चाचपडली. मग भूप राग सुरू केला.

अंतरा आला तसे मी सवयीनं डोळे मिटून घेतले... आणि आवाज चिरकलाच नाही. भरलेला, निवांत आवाज वरच्या सा'वर गेला आणि तिथंच थांबून राहिला. तीन वर्षं हा आवाज माझ्यासमोर सतरंजीवर बसला होता, आणि मी तिलाच ओरडत होतो की घसा मोकळा सोड गं.

डोळे भरून आले माझे. आनंदानं म्हणाल तर नाही... लाज वाटली.

मॅडमनी मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, मुलगी आम्हाला हवी आहे. पट्टीबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. वैष्णवीही नाही.

परतीच्या बसमध्ये वडिलांनी विचारलं, "सांगा सर, काय करू?" गप्प बसता आलं असतं, त्यांना कुठं काय कळलं होतं! पण सांगून टाकलं. चूक पोरीची नव्हती, माझी होती... तीन वर्षं तिला माझ्या पट्टीत गायला लावलं आणि त्यावरून तिचा आवाज ठरवून मोकळा झालो. नोकरीची खात्री मी देऊ शकत नाही, पण पाठवा तिला.

  मला वाटलं, आता वडील चांगलं ऐकवतील, आणि ऐकवायलाच हवं होतं.

खामगाव आलं तसे म्हणाले, "पाठोतो मंग. पोटाचं पाहू पुढं." आणि वर विचारलं, "सर... क्लासात अजून पोरी किती हायेत?"

"नऊ," मी म्हटलं.



काल क्लासमध्ये पेटी उघडलीच नाही. एकेकीला पुढं बोलावलं आणि म्हटलं, तुला सोपं वाटेल तिथून सा लाव. तासाभरात चारच झाल्या, उरलेल्या पाच उद्या.

स्वतःच्या पोरीचं नुकसान ऐकून त्या माणसाला दुसऱ्यांच्या पोरी आठवल्या. ते आठवायचं काम माझं होतं... आभारी आहे, भाऊ.