सख्ख्या भावाला मी ओळखीतला म्हटलं

नानांनी माझ्या भावाच्या हातातलं लाकडी मुसळ ओढून घेतलं.

"पुरे. उठा तुम्ही."

भाऊ उठला. मनगटापर्यंत हात भरिताने माखलेले. काय चुकलं ते त्याला कळेना. त्याने गर्दीत मला शोधलं. मी दहा पावलांवर कांद्याची पात चिरत बसले होते. मी मान खाली घातली.

धुळ्यात देवपूरमधल्या आमच्या कॉलनीची भरीत पार्टी होती ती. दर हिवाळ्यात होते. मोकळ्या प्लॉटवर पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा जाळ करायचा, वांगी भाजायची, सोलायची, खोलगट लाकडी बडगीत ठेचायची आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. नाना कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. सकाळी त्यांनीच भाऊला हौसेने बोलावलं होतं. कोपऱ्यावरच्या घरात नवीन राहायला आलेली भाऊसकट चार माणसं शांत आहेत, कामाला वाघ आहेत, असं ते सगळ्यांना सांगत होते. भाऊचं भरीत एक नंबर होतं. जळगावच्या ज्या निवासी केंद्रात तो तीन वर्षं उपचार घेत होता, तिथल्या स्वयंपाकघरात शिकला होता तो ते.

पण जळगावहून कोणाकडे तरी पाहुणी आली होती. तिचं घर त्या केंद्राच्या शेजारीच. तिने भाऊला ओळखलं. नानांच्या कानाला लागली.

नानांनी बडगी उचलायला लावली आणि सगळं भरीत नालीत ओतायला लावलं. बायकांनी आपापली पोरं जवळ ओढली. भाऊ तसाच उभा. त्याच्यासोबतचे तिघे त्याच्या मागे येऊन उभे राहिले. मग नाना माझ्याकडे वळले.

"ताई, घर तुम्ही बघून दिलं यांना. हे मेंटल आहेत, तुम्हाला माहीत होतं? तुमच्या घरचं आहे का कोणी यांच्यात?"

"नाही," मी म्हणाले. "ओळखीतले आहेत."

भाऊने ते ऐकलं. तो दहा पावलांवरच उभा होता, न ऐकायला काय झालं?

आणखी एक सांगते. हे कोणालाच सांगितलं नव्हतं. आम्ही बौद्ध. आमच्या हातचं ओतून दिल्याच्या गोष्टी मी आजीच्या तोंडून लहानपणापासून ऐकल्यात. नानांनी मुसळ ओढलं तेव्हा मला भीती वाटली, की आता जात निघणार. आणि 'मेंटल' हा शब्द ऐकला तेव्हा मला हायसं वाटलं. हो, हायसं. चला, जातीवरून नाही. माझ्यावरून नाही. माझा भाऊ तिथे उघडा पडला होता आणि मी माझ्यापुरती सुटले म्हणून श्वास सोडला. या एका श्वासाची मला अजून लाज वाटते.

हा भाऊ कोण? नरडाण्याच्या एमआयडीसीत फिटर होता. बाप लवकर गेला. याने दोन-दोन पाळ्या केल्या आणि मला डीएडला घातलं. आज मी शाळेत बाई आहे ती त्याच्यामुळे. पस्तिशीत त्याला आवाज ऐकू यायला लागले. मशीन आपलं नाव घेतंय म्हणायचा. आम्ही आधी भगताकडे नेलं, मग दर्ग्यावर, मग कुठे डॉक्टरकडे. तोवर फार उशीर झाला होता. आई मरताना एवढंच बोलली, "बाय, तुना भाऊले एकला टाकू नको."

मी टाकला नाही, असं मी स्वतःला सांगायचे. महिन्यातून एकदा एसटीने जळगावला जायचे. शाळेत सांगायचे, पाचोऱ्याला मावशीकडे जाते. कॉलनीत सांगितलं होतं, भाऊ सुरतला मिलमध्ये आहे. मुलीसाठी स्थळं बघणं सुरू होतं. घरात असा आजार आहे म्हटल्यावर पुढे कोण येतं? निदान माझी तशी खात्री होती. माझ्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. तिथे जुनी गादी आणि कूलर ठेवलाय. भाऊ बरा झाला, केंद्राने घरी न्या म्हटलं, तेव्हा मी म्हणाले, जागा नाही.

मग केंद्रानेच मार्ग काढला. बरे झालेल्या चौघांनी एका भाड्याच्या घरात राहायचं. स्वयंपाक आपला आपण, गोळ्या आपल्या आपण, कामाला बाहेर जायचं. केंद्राच्या मॅडम अधूनमधून येऊन बघणार. म्हणजे माणसाने माणसासारखं राहायचं, मागे कोणीतरी आहे एवढा आधार घेऊन. घर मी बघून दिलं, आमच्याच कॉलनीत, तो नजरेसमोर राहावा म्हणून. मालक पुण्याला असतो. त्याला फोनवर सांगितलं, कंपनीतले कामगार आहेत. खोटं बोलायला मला आता विचारही करावा लागत नव्हता.

भरिताच्या दुसऱ्या दिवशी मंडळाने कागद आणला. नाना स्वतः आले. सोफ्यावर बसले, चहा घेतला. आवाज एकदम मऊ.

"ताई, आम्ही काही हाकला म्हणत नाही. आम्हीही सुशिक्षित आहोत. फक्त संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत बाहेरून कुलूप. चावी तुमच्याकडे. लहान मुलं आहेत हो कॉलनीत."

कागदावर 'जबाबदार व्यक्ती' म्हणून माझं नाव आधीच टाइप केलेलं होतं. पुढे 'नाते' असा रकाना. मी त्यात लिहिलं, ओळख. सही केली. नाना जाताना म्हणाले, तुमच्यासारखी समजूतदार माणसं कमी आहेत. मला बरं वाटलं. खरंच वाटलं.

कुलूप मी विकत आणलं. चांगलं जड बघून आणलं.

पहिल्या संध्याकाळी लावायला गेले तेव्हा चौघे जेवायला बसत होते. सोमा म्हणून एकजण आहे, साक्रीकडच्या डोंगरातला, वयाने सगळ्यात लहान. त्याने विचारलं, "ताई, कुलूप कसाले लावस? आम्ही काय ढोरं शेत का?"

मी म्हणाले, थोडे दिवस. लोक शांत होईपर्यंत.

भाऊ ताटात बघत राहिला. मी कडी घातली, कुलूप लावलं, ओढून बघितलं. अठरा दिवस मी हेच केलं. सकाळी शाळेत जाण्याआधी उघडायचं, संध्याकाळी पोळ्या करण्याआधी लावायचं. वर्गात मी चौथीच्या मुलांकडून संविधानाची उद्देशिका पाठ करून घेते. स्वातंत्र्य, समता, बंधुता. पोरं जोरात म्हणतात. माझ्या पर्समध्ये चावी असायची.

एकदा आत कोणीतरी पातेलं पाडलं, मोठा आवाज झाला. शेजारच्या गच्चीवरून माणूस ओरडला, "ए येड्यांनो, गप पडा!" मी कुलूप लावून नुकती वळले होते. त्याने मला बघितलं आणि हसून मान हलवली, जणू आम्ही दोघं एका बाजूचे. मीही हसले.

एकोणिसाव्या संध्याकाळी केंद्राच्या मॅडम आल्या. नवीनच लागल्या होत्या, मला ओळखत नव्हत्या. त्या भाऊसमोर फाईल घेऊन बसल्या होत्या, माहिती तपासून घेत होत्या. मी कुलूप घेऊन दारात उभी. सात वाजायला आले होते, मला घाई होती.

"जवळचे नातेवाईक," त्या वाचत म्हणाल्या. "इथे बहीण लिहिलंय. धुळ्यालाच असतात का?"

"नाही," भाऊ म्हणाला. "खोडा ते. बहीण नाही मला. या ताई ओळखीच्या आहेत."

रागाने नाही बोलला. टोमणाही नव्हता. रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करून घ्यावं तसं बोलला. मॅडमनी पेन काढलं.

"थांबा," मी म्हणाले. मी भाऊकडे बघितलं. "असं काय बोलतोस रे?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत बोलला. "तूच सांगेल शे ना बठ्ठासले. मी तुना शबद कसा मोडू? तुनी पोरनं लगीन शे."

म्हणजे मी सगळ्यांना सांगितलेलं खोटं हा माणूस सांभाळत होता. आत कोंडून घेऊन, गोळ्या वेळेवर घेऊन, स्वतःच्या कागदावरून मला पुसून. वेडा म्हणून ज्याला मी लपवलं त्याला सगळं कळत होतं, माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी दारातच खाली बसले. रडले नाही. रडायचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता.

मॅडमनी माझ्या हातातलं कुलूप बघितलं.

"हे कशाला?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्यांनी फाईल मिटली. मग म्हणाल्या, "आमच्या केंद्रातसुद्धा बाहेरून कुलूप नसतं, ताई. हे कायद्यातही बसत नाही. तुम्ही सही कशी केली?"

भीती होती, हे उत्तर नव्हे. आजीलाही भीती होती, पण तिने कोणाला कोंडलं नाही.

त्या संध्याकाळी दार उघडं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेरगावी असलेल्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मामा सुरतला नाही, हे मला बारावीपासून माहीत आहे." लगेच मी नानांकडे गेले. व्हरांड्यात मंडळाचे तिघे-चौघे पेपर वाचत बसले होते. मी उभ्यानेच बोलले.

"तो माझा सख्खा भाऊ आहे. त्याला मानसिक आजार आहे, औषधं चालू आहेत, तो बरा आहे. कुलूप मी काढलंय. पुन्हा लावणार नाही."

नाना चष्मा काढून पुसायला लागले. "ताई, तुमच्या भावना समजतात. आम्ही कधी जातपात बघितली का? तुम्हाला कॉलनीत सन्मानाने घेतलंच ना? पण काही गोष्टी..."

"घेतलंच ना," म्हणाले ते. इतक्या वर्षांनी जात निघालीच, आणि तीही उपकाराच्या ताटात वाढून.

"प्लॉट मी विकत घेतलाय, नाना," मी म्हणाले. "मला कोणी घेतलेलं नाही."

चार दिवसांनी मालकाचा निरोप आला, सोबत मंडळाचा छापील कागद. महिनाअखेर घर रिकामं करा, नाहीतर कुलूप चालू करा आणि मंडळाची लेखी माफी मागा. माफी मागितली तर घर राहतं. नाही मागितली तर चार माणसं पुन्हा जळगावला, किंवा कुठेच नाही. रात्रंदिवस मला तेच खात होतं. मी खोटं बोलले तेव्हा त्यांची इज्जत गेली, खरं बोलले तर छप्पर जातंय. दोन्ही वेळा बोलले मी, भोगलं त्यांनी.

या वेळी मी ठरवलं नाही. चौघांसमोर कागद ठेवला आणि विचारलं. सोमाच आधी बोलला. "कुलूपमाच राहानं व्हतं ते आठे कसाले उनूत?" खरंच, कुलपातच राहायचं तर इथे यायचंच कशाला? बाकी दोघांनी माना हलवल्या. भाऊ म्हणाला, "नाही म्हणून सांग." एवढंच. माझ्याशी तो अजून कामापुरतंच बोलतो. मी माफी मागितली नाही त्याची. मागितली तर तो लगेच देईल, आणि मला ती इतक्या स्वस्तात नको आहे.

मी मंडळाच्या त्याच कागदावर लेखी दिलं. आधीची सही मी मागे घेते. ही चार माणसं भाडं भरतात, काम करतात, कोणाचं वाकडं करत नाहीत. ती हे घर सोडणार नाहीत. काढायचं असेल तर कोर्टातून काढा. मालकालाही फोन करून सांगितलं की कंपनीतले कामगार म्हणाले होते ते खोटं होतं, खरं हे आहे. त्याने फोन ठेवून दिला. शाळेतही मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर सांगितलं, पाचोऱ्याला माझी कोणी मावशी नाही.

कागदाच्या शेवटी मंडळाने पुन्हा तोच रकाना ठेवला होता. नाते. मी लिहिलं, सख्खी बहीण.

नाना म्हणाले, "ताई, विचार करा. महिनाअखेरीला हे चौघे रस्त्यावर येतील."

मी म्हणाले, "पाच. पाचजण मोजा."