चिमटीतलं पोलाद

ओतशाळेतल्या भट्टीवाल्या काकांना सगळे ‘चिमटी’ म्हणत. भट्टीभर पोलादात व्हॅनेडियम नावाचा धातू ते जिवापाड जपून, अगदी तोलून टाकत. इतकासा पडला तरी पोलाद दणकट होई. पण मागच्या खेपेला काकांचा हात सैल सुटला आणि तपासणीची कांडी पहिल्याच घावाला काचेसारखी टिचली. आज मात्र कांडी नुसती वाकली आणि घणाचाच दांडा मोडला! तो मोडका दांडा नाचवत काका घरी आले आणि थेट स्वयंपाकघरात घुसले.

“आज भाजीत मीठ मी टाकणार!”

त्यांच्या मूठमूठ मिठाला विटलेली काकू बरणी कवटाळून हसली.

“टाका की, पण उद्या. येताना भट्टीवरचा तराजू घेऊन या.”