दोन्ही डावे

शिंप्याच्या दुकानात तिला सगळे काजमावशी म्हणत. काज म्हणजे बटण अडकवायचं भोक. ते दोऱ्याने विणून घट्ट करायचं काम तिने एकतीस वर्षं केलं. तिचं काज कधी उसवलं नाही.

ती कामाला लागली तेव्हाच मास्तर म्हणाले होते, "बाई, रोज दुपारी कापाईच्या टेबलाशी उभ्या राहा. कापड बेतायला शिकवतो."

"नको मास्तर. एक ना धड, भाराभर चिंध्या."

"शिंप्याच्या दुकानात बसून चिंध्यांना नावं ठेवता?" मास्तर हसले. पुन्हा विचारलं नाही. ती मात्र ही गोष्ट अभिमानाने सांगायची.

मग काजाचं मशीन आलं. एका शर्टाला दोन मिनिटं. हाताला उरले अधूनमधून येणारे कोट. त्यात मास्तरांचे गुडघे गेले. ते म्हणाले, "कापाईला माणूस हवा. सोमवारी एक शर्ट कापून दाखवा. जमलं तर बाहेरचा आणत नाही. नाहीतर बाई, कोटांवर तुमचं किती दिवस भागणार?"

रविवारी तिने नमुन्यासाठी नवऱ्याचा जुना शर्ट उसवला.

"तुझ्या परीक्षेला माझा बळी?" नवरा म्हणाला.

"कोपरं फाटलीत त्याची. गप्प बसा."

त्याचे तुकडे घरातल्या नव्या कापडावर ठेवून पाठ, बाह्या, कॉलर तिने सुरेख कापली. सोमवारी मास्तरांनी समोरचे दोन भाग शेजारी शेजारी मांडले आणि चष्मा पुसला. दोन्ही डावे होते. कापडाला एकाच बाजूने छपाई, त्यामुळे उलटवूनही उपयोग नव्हता.

"मावशी, गिऱ्हाईकाला उजवी बाजू नाही का?" इस्त्रीवाला म्हणाला. मास्तरांनी पाहिलं तसा तो इस्त्रीकडे वळला.

"चूक तुमची नाही," मास्तर म्हणाले. "पुरुषाच्या शर्टाला काजं डावीकडे. तुमच्या हातात जन्मभर डावाच भाग आला. उजव्याला बटणं लावणारी दुसरी. म्हणून नमुन्यालाही डावाच दोनदा ठेवलात."

"मग दोन्ही नीट निघतात कसे?"

त्यांनी कापडाची दुहेरी घडी घातली. सुलट बाजू आत. "असं एकदम कापायचं. एक डावा, एक उजवा आपोआप."

"हे कधी शिकवता?"

मास्तरांनी कात्री बाजूला ठेवली. "पहिल्याच दिवशी."

तिने घडीवरून बोट फिरवलं. इतकंच होतं. एका दुपारचं काम, आणि तिने ते नको म्हटलं होतं.

"कापाईवाला एक तारखेपासून येईल," मास्तर हळूच म्हणाले.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि दोन्ही डावे भाग उचलून पिशवीत ठेवले.