दाराआतली खुर्ची

पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत नोकरीसाठी जो कोणी आला, त्याला आधी मामा भेटले. मुलाखतीच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक, बाकाशेजारी पाण्याचा जार आणि जाराशेजारी उभे मामा. आतून बेल वाजली की पुढच्या माणसाला आत सोडायचं, हे त्यांचं काम. त्यांना सख्खा भाचा एकही नव्हता, पण त्यांच्याहून वयाने मोठे असलेले हिशेबनीससुद्धा त्यांना मामाच म्हणत.

बाकावर बसलेल्यांच्या घशाला कोरड पडलेली असे. मामा पाणी देत आणि सोबत एक वाक्य देत, "उजवीकडच्या साहेबांना जरा कमी ऐकू येतं, मोठ्याने बोला." हे साहेब म्हणजे स्टोअरचे प्रमुख. त्यांना कमी ऐकू येतं हे मामांना कुणी सांगितलेलं नव्हतं. एकदा चहात साखर घालू का विचारल्यावर साहेब "उद्या बघू" म्हणाले, तेव्हा ते मामांच्या ध्यानात आलं. कंपनीत बाकीच्यांनाही ते ठाऊक असावं, पण सगळे आपापल्या जागी गप्प. ज्याचं बोलणं ऐकू येत नसे त्याच्याकडे बघून साहेब "बरं, बरं" म्हणत मान हलवत, आणि तो बाहेर पडला की शेजारी बसून मुलाखत घेणाऱ्या मॅडमना सांगत, "आत्मविश्वास नाही." हे मात्र ते खणखणीत आवाजात सांगत.

मग एक दिवस भिंतीवर स्क्रीन लावायचं ठरलं. पुढचा नंबर आता स्क्रीनवरच दिसणार होता. मॅडमनी मामांना बोलावून सांगितलं, की महिनाअखेर तुमची जागा संपतेय. स्टोअरमध्ये मदतनिसाची एक जागा आहे, तिच्यासाठी अर्ज करा, पण मुलाखत सगळ्यांसारखीच होईल, मी काही सांगू शकणार नाही. निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती, आणि केस पिकलेल्या माणसाला बाहेर कोण दारात उभं करणार?

घरी मुलीने सूत्रं हातात घेतली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर होती आणि ती नोकरी मिळेपर्यंत इतक्या मुलाखती देऊन बसली होती, की तिला आता कुठल्याच साहेबाची भीती वाटत नव्हती. तिने स्वयंपाकघरातली खुर्ची मधोमध ठेवली. मामा तिच्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले.

"बाबा, बसायचं असतं."

मामा खुर्चीच्या कडेवर टेकले. इतकी वर्षं त्या खोलीत ते रोज आत-बाहेर करत होते, पण तिथल्या खुर्चीवर कधी बसले नव्हते.

"पाठ टेका."

"साहेबांसमोर?"

"आत्ता मीच साहेब आहे."

"म्हणून तर टेकवत नाहीये."

स्वतःबद्दल सांगा म्हटल्यावर मामांनी मॅडम किती वक्तशीर आहेत आणि साहेब चहा किती कडक घेतात ते सांगितलं. मटार सोलत बसलेली बायको म्हणाली, "अहो, साहेबांची माहिती साहेबांना कशाला देताय? तुम्ही कोण ते सांगा." ते सांगायला मामांना दोन संध्याकाळी लागल्या. मुलीने आणखी एक गोष्ट पक्की करून घेतली. शेवटी ते विचारतात, तुम्हाला काही विचारायचंय का? तिथे नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं, की माणसाला कामात रस नाही असं वाटतं. त्यासाठी तिने प्रश्नही तयार करून दिला, की नव्या माणसाला स्टोअरचं काम कोण शिकवतं? मामांनी तो अंघोळ करताना, जेवताना, जिना उतरताना घोकला.

आदल्या दिवशी बायको म्हणाली, "उद्या त्या बाकावरच्या लोकांना काही सांगायचं नाही."

मामांना आधी कळलंच नाही. मग कळलं.

"नोकरी एकच आहे," ती म्हणाली. "जगाच्या मामाला एक दिवस सुट्टी द्या."

मामांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी बाकावर तिघं होती. मामांचा नंबर शेवटचा, आणि तोवर दार त्यांनीच सांभाळायचं होतं. पहिली एक चष्मेवाली बाई होती. तिचा आवाज इतका बारीक, की "काका, आत किती जण असतात?" हे ऐकायला मामांना वाकावं लागलं. वाक्य जिभेच्या टोकापर्यंत आलं. मामांनी ते गिळलं आणि तिला पाणी दिलं.

ती लवकरच बाहेर आली. दार नीट लागायच्या आतच साहेबांचा आवाज आला, "आत्मविश्वास नाही." तो तिनेही ऐकला. कागद परत मिळेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं होतं, म्हणून ती बाकाच्या टोकाला बसली.

"काका, माझं काही चुकलं का? मी काहीही सांगितलं तरी ते नुसतं बरं, बरं म्हणत होते."

"तसं काही नाही," मामा म्हणाले. ते खरं होतं, पण तिला त्याचा काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या नंबरचा दाढीवाला उठला तेव्हा मामांच्या तोंडून ते वाक्य निघूनच गेलं. तिसऱ्याला सांगायची गरज नव्हती. तो दुसऱ्या गोदामात काम केलेला बोलघेवडा माणूस होता आणि त्याचं कुजबुजणंही गेटपर्यंत जात होतं.

तो बाहेर आला आणि बेल वाजली. मामा आत गेले, ट्रेमध्ये रिकामे पेले गोळा केले, खुर्ची सरळ केली आणि ट्रे घेऊन दाराकडे वळले.

"मामा, पुढचं कोण?" मॅडमनी विचारलं.

"कोणी राहिलं नाही."

"तुम्ही राहिलात."

मामा बसले, ट्रे मांडीवर घेऊनच. पाठ मात्र आठवणीने टेकवली. पहिलं उत्तर त्यांनी घोकल्याप्रमाणे दिलं, आणि साहेबांनी मान हलवली, "बरं, बरं." इतकी वर्षं लोकांना दिलेला सल्ला मामा स्वतः विसरले होते. त्यांनी आवाज चढवला. पुढची उत्तरं बरी गेली. साहेबांनी एकदा हसून दादही दिली.

"तुम्हाला काही विचारायचंय?" मॅडम म्हणाल्या.

प्रश्न तोंडपाठ होता. मामांनी विचारलं ते वेगळंच.

"त्या पहिल्या बाईंना पुन्हा आत बोलावता येईल का?"

मॅडमनी कारण विचारलं. मामांनी ट्रेमधल्या पेल्यांकडे बघत हळू आवाजात सांगितलं, की साहेबांना कमी ऐकू येतं हे मी सगळ्यांना आधी सांगतो. नोकरी मला हवी होती म्हणून त्या बाईंना सांगितलं नाही.

मॅडमचं पेन थांबलं.

"काय म्हणाले ते?" साहेबांनी विचारलं.

मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. सांगणारं खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मामांनी मान वर केली.

"साहेब, तुम्हाला कमी ऐकू येतं!"

बाहेर बाकावर बसलेल्या तिघांनीही ते ऐकलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"लोकांना कधीपासून सांगताय?"

"पहिल्यापासून."

"आणि मला?"

मुलीने तयारीत हा प्रश्न घेतला नव्हता. साहेब उठले, आपली खुर्ची टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीजवळ आणली आणि म्हणाले, "बोलवा त्यांना."

चष्मेवाली आत गेली. या वेळी मामांनी तिला पाणी दिलं आणि ते वाक्यही दिलं. तिचा आवाज दारातून बाहेर येत होता, थोडा कापरा, पण येत होता.

नोकरी बोलघेवड्याला मिळाली. त्याला काम येत होतं, त्यामुळे कुणाची तक्रारही नव्हती. घरी मामांनी झालेलं सगळं सांगितलं.

"एक दिवस सुट्टी द्या म्हटलं होतं," बायको म्हणाली.

"अर्धा दिवस दिली."

महिनाअखेर स्क्रीन लागली. पुढे काही आठवड्यांनी मामा डोळ्यांच्या एका दवाखान्यात मुलाखतीला गेले. तिथेही स्क्रीन होती, पण डोळे दाखवायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना तिच्यावरचा नंबर वाचता येत नव्हता, म्हणून डॉक्टरीणबाईंना नंबर पुकारायला माणूस हवा होता. मामांनी पाठ टेकली आणि पहिलंच उत्तर असं दिलं, की बाहेरचे पेशंट दाराकडे बघू लागले.

"काका, मला नीट ऐकू येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हा आवाज बाहेरच्यांसाठी राहू द्या. सोमवारपासून या. तुम्हाला काही विचारायचंय?"

"बाहेर मला बसायला खुर्ची असेल ना?" मामांनी विचारलं.