मागाच्या खडखडाटात

बसप्पा चादरीच्या कारखान्यात मागावर होता. तिथल्या खडखडाटात आवाज पोचत नसे, म्हणून बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून तो सगळं समजून घ्यायचा. घरात मात्र बायको नागव्वा बोलू लागली, की पेपरात डोकं घालून "व्हय, व्हय" म्हणे आणि विसरून जाई. त्या 'व्हय'पायी दुधनीला तिच्या भाच्याचं बारसं हुकलं होतं. माहेरी तिला तोंड दाखवायची लाज वाटे.

आता जावळ आलं. नागव्वा डबा घेऊन थेट मागापाशी गेली. बसप्पानं सवयीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"रविवारी जावळ हाय. न्हाई आलात तर मी एकटी जाते, अन् परत येत न्हाई!"

"अगं, रडतीस कशाला? येतो की!"

"लग्न झाल्यापासनं रडतीया. आज दिसलं व्हय?"

शेजारच्या मागकऱ्यांनाही सगळं कळलं होतं. ते तिच्या बाजूनं माना डोलावत होते.

रविवारी दोघं दुधनीला गेले. तेव्हापासून काही सांगायचं असलं, की नागव्वा आधी परातीवर लाटणं बडवते. बसप्पा पेपर टाकून तिच्या तोंडाकडे बघत बसतो. शेजारीण मात्र हळहळते, "माणसं चांगली, पण लई भांडतात!"