कोरड्या ट्रॅकमध्ये नसलेली ओळ

प्रिय रेवा आणि ईशान,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईशान म्हणाला, "आजी, लातूरचं तुझं वाजवणं एकदम परफेक्ट होतं. थोडं एआय वापरलंस का?" मी हसले आणि विषय बदलला. पण तुम्ही फोन ठेवल्यावर माझी इतकी चिडचिड झाली की चहा समोर तसाच गार झाला. प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, ही खरी अडचण. म्हणून जे झालं ते क्रमाने लिहून काढते आहे. माझा डावा हात टाईप करण्याइतपत ऐकतो आहे, तोवरच हे होईल. तुमची वैशालीमावशी म्हणते की असे अनुभव टाकायला नेटवर जागा असते, तिथेही टाक. टाकीन, पण आधी तुम्ही वाचा.

सुरुवातीलाच सांगते, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. उदगीरला लहानपणी किल्ल्याकडच्या वाटेबद्दल बायका काहीबाही सांगायच्या. मी मुद्दाम त्याच वाटेने शाळेत जायचे. पुढे लातूरला इंग्रजी शिकवताना, "बाई, होस्टेलच्या खोलीत कुणीतरी आहे," असं सांगत मुली यायच्या. त्यांना मी आधी विचारायचे, रात्री जेवलीस का नीट? आजही माझं मत तेच आहे. फक्त एक गोष्ट त्या मतात बसत नाही...

तुमची पणजी, म्हणजे माझी आई, आम्हा बहिणींना एक अंगाई म्हणायची. अर्धी मराठी, अर्धी कानडी. शब्द मी विसरले, चाल राहिली. दोन ओळींची. दुसऱ्या ओळीत एका सुरावरून सावकाश वर घसरत जायचं, तिथे जरा थरथरायचं आणि तसंच अलगद खाली उतरायचं. माझा गळा कसा आहे ते तुम्ही जाणताच, त्यातून ती जागा कधी निघाली नाही. निघाली ती हवाईयन गिटारवर. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी दांडी तारांवरून सरकवायची. हैदराबादला बी.ए. करताना मी ती शिकले, त्या काळी बऱ्याच मुली शिकत.

माझी बहीण, म्हणजे वैशालीची आई, आता नाही. त्यामुळे ती चाल उरली आहे ती माझ्या डाव्या हातात, आणि नेमका त्याच हाताला कंप सुटला आहे. इथल्या, नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि स्पष्ट सांगितलं की हे वाढत जाणार. म्हणजे चाल रेकॉर्ड करायची तर आत्ताच.

माझा जुना व्हॉल्व्हचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर, जळून गेल्याला बरीच वर्षं झाली. दुरुस्त करणारा कुणी मिळेना. म्हणून दिवाळीत आलेल्या ईशानने माझ्या लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर टाकून दिलं. रेवासाठी सांगते: गिटारची वायर एका छोट्या डबीत जाते, डबी लॅपटॉपला जोडायची, आणि जो आवाज पूर्वी खऱ्या अँपमधून यायचा त्याची हुबेहूब नक्कल लॅपटॉप करतो. पडद्यावर अँपचं चित्र असतं, बटणं माऊसने फिरवायची. त्या चित्रातल्या अँपच्या कोपऱ्यांना गंजसुद्धा रंगवलेला आहे. ज्याला कधी हवा लागली नाही त्याला गंज! मला त्याचा पहिल्या दिवसापासून राग होता.

ईशान, तुझ्या हाताखाली ते शहाण्यासारखं वागत होतं. तू विमानात बसलास आणि त्याने रंग दाखवले. मी तार छेडायची आणि आवाज मागून यायचा, तुमच्याशी फोनवर बोलताना येतो तसा. कधी अपडेट मागायचं, कधी डबी सापडत नाही म्हणायचं. डबी तर डोळ्यांसमोर! शेवटी विष्णुपुरीहून वैशालीला बोलावलं. ती तिथे इंजिनिअरिंगच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते.

"मावशी, तू उगंच त्याच्यासंगं भांडून राहिलीस," ती म्हणाली. "ते काय तुझी आठवीची पोरगी हाय का?"

"आठवीची पोरगी निदान सांगितल्यावर ऐकते."

तिने आवाजाचा उशीर घालवला आणि रेकॉर्डिंगचे दोन ट्रॅक लावून दिले. एकात गिटारमधून येईल ते जसंच्या तसं, त्याला आम्ही कोरडा ट्रॅक म्हणू लागलो. दुसऱ्यात तेच, अँपमधून गेल्यासारखं, गोल आणि भरलेलं.

मी अंगाई वाजवली. दुसऱ्या ओळीच्या त्या जागेवर हात थरथरला, दांडी पुढे घसरली आणि सूर चढा लागला. चांगलाच चढा. मी मान हलवली. वैशालीने अँपचा ट्रॅक ऐकवला... आणि त्यात चूक नव्हती. दांडी जिथे थांबायला हवी होती तिथेच सूर थांबला होता.

"कोरडा लाव," मी म्हणाले.

कोरड्यात चूक होती. तिने पुन्हा अँपचा लावला, नव्हती. पुन्हा कोरडा लावला, होती.

"असं व्हत न्हाई," वैशाली म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "मावशी, तू कुठलं बटण दाबलंस?"

सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. मी कुठलंही बटण दाबलं नव्हतं.

वैशालीने सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकलं, इंटरनेट बंद केलं, स्वतःचा लॅपटॉप आणला. सूर सरळ करणारी सोय त्यात कुठे दडली आहे का ते शोधलं. नव्हती. मग तिने स्वतः गिटार मांडीवर घेऊन मुद्दाम वेडंवाकडं वाजवलं, ते दोन्हीकडे वेडंवाकडंच आलं. मी दुसरी धून चुकवून पाहिली, तीही चुकलेलीच राहिली. दुरुस्ती व्हायची ती फक्त या अंगाईची. कंपनीला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की असं होणं शक्य नाही, माईक बदलून पाहा. आमच्याकडे माईकच नव्हता!

तुमच्या आईला फोन केला, तर तिचं दुसरंच. "आई, छान येतंय ना? मग पाठव की! पोरं खूश होतील."

"ते मी वाजवलेलं नाही, मंजिरी."

"मग कोणी वाजवलंय?"

सगळ्यांना आवाज गोड वाटत होता आणि प्रश्न माझा एकटीचा होता. मला तुम्हाला माझी चाल द्यायची होती, माझ्या हातची. जन्मभर मी मुलींना सांगत आले की दुसऱ्याने लिहिलेला सुंदर निबंध आणू नका, स्वतःचा चुकलेला आणा. आता मीच तुम्हाला कुणाचा तरी सुंदर निबंध पाठवू? अँपचे ते सगळे ट्रॅक मी पुसून टाकले. वैशाली हळहळली, मी नाही.

तेवढ्यात लातूरहून कुमुदचा फोन आला. आम्ही दोघी एका शाळेत होतो, ती मराठी शिकवायची. निवृत्त शिक्षकांचा मेळावा होता आणि मी वाजवावं असा तिचा हट्ट. मी पूर्वी नाही म्हटलं असतं. पण या वेळी वाटलं, तिथे माणसं समोर बसलेली असतील, जे होईल ते सर्वांच्या देखत होईल. माझी चूक मला परत मिळेल.

वैशाली गाडी घेऊन आली. दुपारचा कार्यक्रम, हॉल डाळ मिलच्या मागे. साउंडवाले बाबूभाई लॅपटॉप बघून म्हणाले, "मॅडम, अँप कुठं हाय?"

"यात आहे."

"याच्यात?" त्यांनी लॅपटॉप कडेने वाकून पाहिला. "अल्लाह... आता माणसं बी याच्यातच ठेवा म्हणजे मंडप टाकायचं कामच न्हाई."

वैशाली लॅपटॉपपाशी स्टेजच्या कडेला बसली. कोरडा ट्रॅक चालू ठेवायला मी तिला बजावलं होतं. कुमुदची भाची पहिल्या रांगेतून कुमुदच्या फोनवर शूटिंग करत होती. मी सुरुवात केली. पहिली ओळ बरी गेली. दुसरी ओळ सुरू झाली आणि नेमके तेव्हाच प्रमुख पाहुणे आले. उशिराने, चार माणसं मागेपुढे घेऊन. सगळा हॉल उठून त्यांच्याकडे वळला. कुमुद हार शोधत धावली. पाहुणे हात वर करून म्हणू लागले, "बसा, बसा. चालू द्या."

आणि माझा डावा हात आवळला.

असं आधी कधी झालं नव्हतं. थरथर नाही, काही नाही, बोटं दांडीवर घट्ट मिटली आणि हलेनात. उजव्या हाताने मी डावं मनगट धरून उचललं, तशी दांडी सुटून गिटारवर आपटली आणि मांडीवर पडली. माझे दोन्ही हात तारांवर नव्हते.

आवाज थांबला नाही.

तो त्या जागेपर्यंत सावकाश वर गेला, थरथरला, खाली आला. मला वाटलं मागचा आवाज घुमतो आहे. मी उजवा तळवा तारांवर सपाट दाबला. तारा गार होत्या, निश्चल होत्या. तरी बाबूभाईंच्या स्पीकरमधून गिटार वाजत राहिली, आणि दुसरी ओळ संपल्यावर पहिलीकडे परतली नाही. पुढे गेली. एक तिसरी ओळ आली. खालच्या सुरांत, पहिल्या दोन्हींपेक्षा सोपी, फार हळू. ती मी कधी वाजवलेली नाही. कधी ऐकलेलीही नाही. मग ती संपली आणि हॉलमध्ये पंख्यांचा आवाज राहिला.

टाळ्या वाजल्या. अर्ध्या मला, अर्ध्या पाहुण्यांना.

"अगं शालिनी, काय वाजवलंस!" कुमुद माझे खांदे धरून म्हणाली. "आणि मेले नेमके तेव्हाच आले गं. हार रिक्षातच राहिलेला!"

"कुमुद, मी वाजवत नव्हते."

"पुरे आता विनय."

बाबूभाई वायर गुंडाळत म्हणाले, "मॅडम, शेवटचा पीस तर लई भारी. कुठला हाय?"

वैशाली मात्र जागची उठली नव्हती. तिचा चेहरा बघून मी कुमुदला बाजूला केलं.

"मावशी, पडद्यावरची आवाज दाखवणारी इनपुटची पट्टी मेलेली व्हती," ती हळूच म्हणाली. "आत काहीच येत नव्हतं. बाहेरची पट्टी नाचून राहिली व्हती."

"मग बंद का नाही केलंस?"

"हात उचललाच न्हाई, बघ."

घरी आल्यावर आम्ही दोघींनी कोरडा ट्रॅक ऐकला. पहिली ओळ, अर्धी दुसरी, दांडी पडल्याचा ठक्क आवाज, माझ्या तळव्याची एक धप्प, आणि पुढे काही नाही. तोच ट्रॅक आम्ही पुन्हा अँपमधून सोडला. आता अँपनेही तेच दिलं, ठक्क, धप्प, शांतता. त्या दिवसापासून ते सॉफ्टवेअर निमूट वागतं. मी चुकले की चूकच येते. याचाही मला राग येतो! इतके दिवस नको असताना करत होतं, आता मी त्या तिसऱ्या ओळीसाठी रोज गिटार घेऊन बसते तर काही देत नाही.

वैशालीने शोधायचं काही बाकी ठेवलं नाही. दुसऱ्या कुणाचा आवाज बाबूभाईंच्या मशीनमध्ये शिरला का, आधीचं काही रेकॉर्डिंग चुकून लागलं का... पण ती ओळ आधी कुठे रेकॉर्ड झालेलीच नव्हती. कुमुदचा व्हिडिओ पाहिला. हात आवळायच्या आधीच कॅमेरा पाहुण्यांकडे वळलेला आहे, आणि माझ्याकडे परत येतो तो टाळ्यांच्या वेळी. माझे हात तेवढा वेळ कुठे होते, हे दाखवणारं काही नाही. ईशान, तुला जे परफेक्ट वाटलं ते हेच.

शेवटी उदगीरला शारदाला फोन लावला. ती माझी मामेबहीण, लहानपणी बरेचदा आमच्याकडेच झोपायची. विचारलं, आईची अंगाई आठवते का, किती ओळींची होती?

"चाल न्हाई आठवत आता. दोन ओळी व्हत्या की गं."

"तिसरी नव्हती?"

"ते मला काय ठावं, शालू? तितक्यात झोपच लागायची की."

मला आजही याचं स्पष्टीकरण सापडलेलं नाही. वैशालीलाही नाही, आणि ती माझ्यासारखी म्हातारी नाही. तुम्हाला सापडलं तर मला जरूर कळवा, मी वाद घालीन पण ऐकेन.

आता शिल्लक काय आहे ते लिहून थांबते. पहिल्या दोन ओळी घरी केलेल्या कोरड्या ट्रॅकमध्ये आहेत, माझ्या हातच्या, चुकांसकट. तिसरी ओळ कुमुदच्या व्हिडिओत आहे. तिच्या मधल्या काही सुरांवर पाहुण्यांचं "चहा झाला का सगळ्यांचा?" आलं आहे. वैशालीने ते काढायचा प्रयत्न केला, तर खालचे सूरही जातात, म्हणून तसंच ठेवलं. दोन्ही तुम्हाला पाठवली आहेत.

तुमची,
आजी